नदी किती वेळा सोडायची? म्यूझच्या खोऱ्यातले तीन ग्रॅव्हल दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ब्रसेल्सला राहता, कोल्हापूरचे दाजी मे महिन्यात येतायत आणि दोघांना फ्रान्सच्या आर्डेनमध्ये, म्यूझ नदीच्या खोऱ्यात तीन दिवस ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या जाड टायरच्या सायकलवर, फिरायचंय. ॲपनं 240 किलोमीटर आणि 4600 मीटर चढाईचा मार्ग काढून दिलाय. दाजी डांबरी रस्त्यावर नेमानं सायकल चालवतात, पण कच्च्यावर कधी गेलेले नाहीत. झेपेल का, टायर कोणते घ्यावेत, जंगलात अडकलो तर काय, हे तुम्ही विचारलंय.

हा मार्ग घेऊ नका. दाजींचा दम कमी पडेल असं मला म्हणायचं नाही, पण त्या मार्गावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते तुमच्याशी बोलायचे बंद होतील. मी बारा वर्षं लिएजला राहतो, दर उन्हाळ्यात ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन त्या जंगलात जातो आणि ॲपनं काढलेले असे मार्ग दरवर्षी दोन-तीन तरी बघतो. सगळ्यांत चूक एकच असते.

आधी जमीन समजून घ्या. आपल्याकडं डोंगर म्हणजे खालून वर चढायची गोष्ट. आर्डेनमध्ये त्या अर्थानं डोंगर नाहीत. आहे ते एक जुनं, झिजलेलं पठार आणि नदीनं त्यात पाडलेली खोल खाच. नदी आधीची. पठार नंतर हळूहळू उचललं गेलं आणि नदी आपली मूळची वळणं न सोडता खाली खाली कापत गेली. म्हणून एवढ्या अरुंद दरीत असूनही म्यूझ मैदानातल्या नदीसारखी नागमोडी वाहते. मोंतेर्मे आणि रव्हँ ही गावं तर अशा वेटोळ्यांच्या आत बसलीयत. थोडक्यात, खाली कोकण, वर देश आणि मधला घाट फक्त अडीचशे-पावणेतीनशे मीटरचा. मोंतेर्मेला नदी समुद्रसपाटीपासून साधारण 140 मीटरवर, वरचं पठार 400 च्या आसपास, आणि फ्रेंच आर्डेनचा सगळ्यात उंच भाग, क्र्वा-स्काय, जेमतेम 500 च्या वर.

ताम्हिणी चढलेल्या माणसाला अडीचशे मीटर म्हणजे चेष्टा वाटेल. पण ताम्हिणीसारखी लांबलचक वळणं इथं नाहीत. जंगलातली वाट दरीच्या भिंतीला थेट भिडते, दहा-बारा टक्क्यांचा चढ, तोही सुट्या दगडांवर. तो एकदा चढायला मजा येते. तुमच्या ॲपनं तुम्हाला पहिल्याच दिवशी पाच वेळा वर नेलंय आणि पाच वेळा खाली आणलंय, कारण नकाशावर दिसणारं प्रत्येक ठिपक्याचं प्रेक्षणीय स्थळ त्यानं ओवून घेतलंय. तेव्हा माझा हिशेब वेगळा असतो. किलोमीटर बाजूला ठेवा, दिवसात नदी किती वेळा सोडता ते मोजा. दिवसाला एक. एकदा वर गेलात की अर्धा दिवस वरच काढा, आणि एकदाच खाली उतरा.

जाता जाता, ॲपचे चढाईचे आकडे या खोऱ्यात नेहमीच फुगतात. नदीकाठची सपाट वाट आणि शेजारची उभी भिंत यांत काही ठिकाणी दहा-वीस मीटरचंच अंतर असतं. ॲप जमिनीची उंची चौकोना-चौकोनानं धरतं, आणि तो चौकोन त्याहून मोठा असेल तर सपाट वाट सुद्धा वर-खाली होताना दिसते. तेव्हा 4600 मधले थोडे खोटेच असतील. बाकीचेही पुष्कळ आहेत.

आता नकाशा. फ्रान्सच्या आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा 1:25000 चा नकाशा फोनवर घ्या, आणि ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आर्डेनच्या जंगलात सरळ रेघ दिसली की संशय घ्या. ती बहुतेक वेळा वनखात्याच्या दोन तुकड्यांमधली हद्द असते, झाडं तोडून पाडलेली पट्टी. हद्द आखणाऱ्यानं चढ बघितलेला नसतो, त्यामुळं ती दरीत नाक खुपसून उतरते आणि पलीकडं तशीच चढते. ॲपला ती 'वाट' वाटते. उलट जी वाट समोच्च रेषांबरोबर वळणं घेत जाते ती लाकडाच्या ट्रकसाठी बांधलेली असते. लादलेला ट्रक बारा टक्के चढ टाळतो, म्हणून तुम्हीही टाळता. खाली खडी दाबलेली, बाजूनं पाणी जायला चर, आणि सुरुवातीला आडवा लोखंडी दांडा. तो दांडा मोटारींसाठी असतो, त्याला वळसा घालून सायकल नेता येते. खाजगी मालमत्तेची पाटी असेल तर मात्र परत फिरा.

आता मी स्वतः दाजींना कसं नेलं असतं ते सांगतो.

ब्रसेल्सहून दिनाँपर्यंत ट्रेन. दिनाँ ते फ्रान्समधलं जिव्हे या मार्गावरच्या प्रवासी गाड्या बंद होऊन अनेक दशकं झालीयत, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण नदीकाठानं वीस-पंचवीस किलोमीटरचा सपाट रस्ता आहे आणि दाजींना नव्या सायकलची ओळख करून द्यायला यापेक्षा बरी जागा नाही. जिव्हेला टीईआर, म्हणजे फ्रान्सची प्रादेशिक रेल्वेगाडी, पकडा आणि सरळ शार्लव्हिल-मेझियेरला जा. ही गाडी दरीतूनच जाते, रव्हँ, फ्यूमे, लेफूर सगळीकडं थांबते. पुढच्या तीन दिवसांत तुम्ही जिथून जाणार ते सगळं खिडकीतून उलट्या क्रमानं दिसेल. तीच गाडी तुमची सुटकेची वाटही आहे. पाय दुखले, पाऊस लागला, सायकल मोडली, काहीही झालं तरी उतरणीला लागायचं, नदी गाठायची आणि स्टेशन शोधायचं. गाड्या दर तासाला असतीलच असं धरून चालू नका, वेळापत्रक फोनमध्ये उतरवून ठेवा.

शार्लव्हिलला मुक्काम. संध्याकाळी प्लास द्युकालला चक्कर मारा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच आराखड्यानं बांधलेला विटांचा आणि पिवळ्या दगडाचा चौक, वर निळसर पाटीच्या दगडाची उतरती छपरं. तो पाटीचा दगड नीट बघून ठेवा. पुढं तुमच्या टायरशी त्याचाच संबंध येणारय.

पहिला दिवस साधारण 50 किलोमीटर. नदीकाठच्या सायकलमार्गानं नूझोंव्हिल, तिथं नदी सोडून पूर्वेला जेस्पुन्सारकडं. हे एकेकाळी खिळे बनवणाऱ्यांचं गाव. या भागात घराघरात भट्टी असायची, आणि भात्याला हवा द्यायला लाकडी चाकात कुत्रा पळवत. कुत्रा चाकात, माणूस ऐरणीपाशी, दिवसभर. चढ सुरू झाला की मला हमखास तो कुत्रा आठवतो. गावापासून जंगलातून वर पठारावर आणि मग उतरून ओत-रिव्हिएर. इथं भेटते सम्वा ही नदी, म्यूझची धाकटी बहीण म्हणा. बेल्जियममधून येताना तिचं स्पेलिंग वेगळं, सीमा ओलांडली की वेगळं. तिच्या काठानं नोआँ, तिले, ओल्मे करत खाली मोंतेर्मेपर्यंत वीसेक किलोमीटर. उतार इतका हलका की जाणवत नाही, पण पाय सुखावतात. घाई करू नका. सम्वा उथळ आहे, पाण्याखालचे पिवळट दगड दिसतात, आणि मेमध्ये दुपारी काठावर गवतात अर्धा तास पडून राहायला जागाच जागा.

दुसरा दिवस हा या सगळ्या खटाटोपाचं कारण आहे. अंतर 40 च्या आसपास, पण दिवस पूर्ण जातो. मोंतेर्मेहून सकाळी लवकर वर निघा. खाली दरीत बहुधा धुकं असेल, आणि चढता चढता एका वळणावर डोकं धुक्याबाहेर येतं. पाच-सहा किलोमीटरनंतर रॉक द ला तूर. पठाराच्या कडेला क्वार्ट्झाइटच्या शिळा एकावर एक रचल्यासारख्या, मधून बर्च झाडं, आणि खाली सम्वाची दरी. सायकल झाडाला टेकवून शेवटचं अंतर चालत जा. बुटांना क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे तळाचे खिळे, असतील तर जपून, तो दगड गुळगुळीत आहे.

तिथून उत्तरेला ओ-ब्यूते ही वाडी आणि पुढं क्र्वा-स्कायचं जंगल. वर तुम्हाला चढउतार जवळपास नाहीत. रुंद, दाबलेली खडी, दोन्ही बाजूंना स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं. काही ठिकाणी मात्र एकदम उघडं माळरान लागेल, नुसती खोडं. 2018 नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या किड्यानं स्प्रूसची दाणादाण उडवली, आणि लागण झालेली झाडं तोडावी लागली. याचा तुमच्याशी थेट संबंध असा की जुन्या जीपीएक्स (सायकलमार्गाच्या) फाइलमध्ये 'सावलीची सुंदर वाट' असं लिहिलेली जागा आता उन्हात असेल, आणि लाकूड ओढणाऱ्या यंत्रांनी तिथं गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या असतील. चाकोरीत पाणी असेल तर खोली डोळ्यांनी कळत नाही. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून जा, नजर पुढच्या चाकाच्या चार-पाच मीटर पुढं ठेवा, आणि पाणी काळंभोर दिसत असेल तर सरळ उतरून चाला. या भागात पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, दलदल आहे. मी एकदा अशाच एका निरुपद्रवी दिसणाऱ्या डबक्यात पुढचं चाक आसापर्यंत घातलं होतं, आणि मागून येणारे दोघं मदत करायच्या आधी फोटो काढत होते.

परतीला मानीझवरून रव्हँकडं उतरायचं. मानीझला थांबा. जून 1944 मध्ये या जंगलात लपलेल्या फ्रेंच प्रतिकार दलाला जर्मनांनी वेढलं आणि शंभरहून अधिक लोकांना मारलं. स्मारक रस्त्याला लागूनच आहे. आजूबाजूला झाडी इतकी शांत की तिथं मोठ्यानं बोलवत नाही. पुढं माँ मालग्रे तू या टेकाडावरून रव्हँचं वेटोळं पायाखाली दिसतं, गावाला नदीनं जवळजवळ मिठी मारलीय.

आणि मग उतार. दाजींना हे आधी समजावून सांगा, कारण रस्त्यावरची सायकल चालवणारा माणूस इथं चुकतो. तो ब्रेक सतत हलका धरून ठेवतो. कच्च्या उतारावर सरळ, घट्ट पट्ट्यात दोन्ही ब्रेक ठाम दाबा, वेग पाडा, आणि वळणात शिरताना मागचा ब्रेक बोटभर ठेवून पुढचा सोडा. पेडल आडवे, बूड सीटवरून उचललेलं, कोपर वाकलेले, हात हँडलच्या खालच्या वळणावर. पहिल्यांदा खालच्या वळणावर हात ठेवायला भीती वाटते, पण ब्रेकवर पकड तिथूनच चांगली बसते आणि खड्ड्यात हात सुटत नाही. पानं साचलेली दिसली की खाली ओला दगड आहे असंच समजा.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेला. रव्हँहून चढून रोक्र्वा, पंचकोनी तटबंदीचं छोटं गाव, वरून बघितलं तर चांदणीच्या आकाराचं. 1643 साली इथं फ्रेंचांनी स्पॅनिश सैन्याचा मोठा पराभव केला होता. तिथल्या चौकात कॉफी प्या आणि जंगलातून फ्यूमेला उतरा. तिथून जिव्हेपर्यंत नदीकाठचा सायकलमार्ग, पूर्ण डांबरी, पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट होती ती. वाटेत इएर्ज हे किल्ल्याखालचं गाव चुकवू नका. पुढं नदीच्या एका वळणावर अणुवीज केंद्राचे दोन प्रचंड कूलिंग टॉवर येतात. गावाचं नाव लिहितात Chooz, उच्चार 'शो'. दाजींना विनोद सुचेलच. एकूण 65 किलोमीटर, म्हणजे आकडा मोठा पण निम्म्याहून जास्त सपाट. दमलात तर फ्यूमेलाच गाडीत बसा. दिनाँपर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटर त्याच दिवशी करायचे की जिव्हेला राहून दुसऱ्या दिवशी, हे तेव्हाच ठरवा.

आता टायर. फ्यूमे हे पाटीच्या दगडाचं गाव, तिथल्या खाणी 1971 पर्यंत चालल्या. आपण शाळेत ज्यावर पेन्सिलीनं लिहायचो तोच दगड, इथं जांभळट आणि हिरवट रंगात. त्याचे पापुद्रे निघतात आणि पापुद्र्याची कड सुरीसारखी असते. रस्त्यात दगड आडवा पडला असेल तर काही होत नाही. तो चाकाखाली उभा राहिला की टायरची बाजू चिरतो. टायरच्या मधल्या भागाला जाड रबर असतं, बाजूला नसतं. तेव्हा 'भरपूर नक्षीचा' टायर शोधू नका, बाजूला मजबुती असलेला शोधा. रुंदी 45 मि.मी., फ्रेममध्ये बसत नसेल तर 40. ट्यूबलेस असेल आणि तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर हवेचा दाब मागं 2 बार, पुढं 1.8 पासून सुरुवात करा, सामान जास्त असेल तर थोडं वाढवा. दाजी सवयीनं टणक करतील. करू देऊ नका. टणक टायर दगडावरून उसळतो आणि वळणात सटकतो.

दव्हिलच्या वरच्या जंगलात माझा मागचा टायर बाजूनं दोन सेंटिमीटर चिरला होता. भोक बुजवायला टायरच्या आत भरलेलं सीलंट फवाऱ्यासारखं उडत होतं, भोक मिटेना. ट्यूब घातली तर ती चिरेतून फुगा होऊन बाहेर. शेवटी पिशवीत ठेवलेली टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबची कापलेली पट्टी आतून चिरेवर लावली, वर ट्यूब, हवा दीड बार, आणि सात किलोमीटर जपून उतरत नदीवर आलो. तेव्हापासून ती पट्टी माझ्या पिशवीतून हललेली नाही. वजन शून्य. तुम्हीही दोन कापून घ्या. बाकी सामान नेहमीचं: दोन ट्यूब, पंप, साखळीची जोडकडी, डिरेलर हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). हँगर तुमच्याच सायकलचा हवा, दुसऱ्याचा बसत नाही.

गिअरबद्दल एकच. पुढं 40 आणि मागं सगळ्यात मोठं चाक 42 दात्यांचं असेल तर मिनिटाला 50 फेऱ्या मारूनही ताशी सव्वासहा किलोमीटर वेग राहतो, म्हणजे दहा टक्के चढावर तोल जात नाही. भाड्याच्या सायकलला मागं 34 च असेल तर ती नाकारा, दाजींच्या गुडघ्यांची काळजी घ्या.

खाण्यापिण्याचं नियोजन सायकलइतकंच गंभीरपणे करा. पठारावर दुकान नाही. खालच्या गावांत बेकरी असते, पण रविवार दुपार आणि सोमवार बंद असण्याची दाट शक्यता, आणि हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दोन. सव्वादोनला पोचलात तर चेहरा कितीही केविलवाणा केलात तरी काही मिळत नाही. पाणी संपलं तर गावाबाहेरच्या दफनभूमीत जा, तिथं फुलांसाठी नळ असतो. पाटीवर पाणी पिण्याजोगं नाही असं लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. संध्याकाळी काकास आ क्यू न्यू मागवा. बिडाच्या भांड्याला डुकराच्या चरबीचा तुकडा घासायचा आणि त्यात कांदा-बटाटा मंद शिजवायचा. नावाचा अर्थ 'उघड्या बुडाची', कारण मूळच्या गरिबीत मांस घालायला नव्हतं. आता सोबत सॉसेज देतात. दाजी शाकाहारी असतील तर आधीच विचारा, चरबी दिसत नसली तरी असतेच.

एकट्यानं गेलो तर काय, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय, म्हणजे दाजींनी ऐनवेळी टांग मारली तर. नदीकाठी खुशाल. वर पठारावर काही ठिकाणी फोनला रेंज नसते, तेव्हा निघताना मुक्कामाच्या जागी मार्ग सांगून ठेवा, मदतीला 112. मेमध्ये एक फायदा असा की शिकारीचा हंगाम नसतो. तो साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. रानडुकराच्या हाकाऱ्याच्या दिवशी वाटेच्या तोंडाशी 'शास आँ कूर' अशी पाटी लावतात. ती दिसली की कितीही उशीर झाला असला तरी त्या वाटेनं जायचं नाही. गोळीला तुमच्या जर्सीचं रंगकाम कळत नाही.

मेमध्ये खरा उपद्रव गोचिडांचा. गवतात बसलात, नेच्यातून सायकल ढकलत नेलीत की त्या चढतात, आणि या भागात लाइम आजार आहे. फार्मसीत गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, तो शार्लव्हिललाच घ्या. रोज रात्री आंघोळीनंतर गुडघ्यामागं, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला बघा. जिथं स्वतःला दिसत नाही तिथं दाजींना बघायला सांगा, त्यात लाजू नका. चिकटलेली दिसली तर आकडा कातडीला टेकवून फिरवत काढा, तेल-बिल ओतू नका. तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथं लाल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टरांना ती तारीख दाखवा.